मदत हवी आहे: माशाच्या नावात घुंगरू की साल?

नमस्कार मंडळी, जर्मन शिकताना एका माशापाशी अडकलेय. 'शेलफिश' ऐकून मी आपली तिसऱ्या-कालवं समजले, तर निघाला हॅडॉक, कॉडच्या कुळातला चांगला खवल्यांचा मासा! 'फिश' म्हणजे मासा, ते कळलं. पण आजच्या जर्मनमध्ये 'शेले' म्हणजे छोटी घंटा, घुंगरू. माशाला घुंगरू कशाला?

कोशात मध्ययुगीन लो जर्मन (म्हणजे उत्तर जर्मनीकडची जुनी बोली) 'शेलेफिश' दिलाय. त्यात 'शेले' म्हणजे साल, कवच. कारण या माशाच्या मांसाचे पापुद्रे सुटतात. (हे पटलं, ताटात पाहिलंय.) आता प्रश्न असा: सालीला आजचा जर्मन शब्द 'शाले', मग नाव 'शालफिश' का झालं नाही? जुन्या जर्मन बोलींचा अभ्यास असलेलं कुणी आहे का इथे?