अनुभव धागा: ऑनलाइन शिकलेलं नर्सिंग वॉर्डात किती टिकलं?

धागा काढणारी (तेव्हा बी.एस्सी. नर्सिंग दुसरं वर्ष, आता स्टाफ नर्स, पुणे)

मार्च २०२० मध्ये हॉस्टेल रिकामं करायला सांगितलं तेव्हा आम्ही पंधरवड्यापुरते कपडे घेऊन घरी गेलो. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. त्या काळात नर्सिंग शिकणाऱ्यांचे अनुभव एका जागी यावेत म्हणून हा धागा. 'ऑनलाइन शिक्षण : शाप की वरदान' असला निबंध नको. कोणता विषय मोबाइलवर नीट शिकता आला, कोणता मुळीच नाही, आणि जो राहिला तो नंतर कोणी शिकवला, एवढंच लिहा. कॉलेजचं किंवा कोणाचंही नाव घेऊ नका. तुमचा कोर्स, वर्ष आणि गाव पुरे.

माझ्यापासून सुरुवात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० हे परिचारिका आणि सुईणींचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. १२ मेला फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्माला दोनशे वर्षं होत होती. मोठा कार्यक्रम ठरलेला. प्रत्यक्षात आम्ही गूगल मीटवर, प्रत्येकीने देवघरातली पणती कॅमेऱ्यासमोर धरून नर्सची शपथ म्हटली. आवाज मागेपुढे पोचत असल्यामुळे शपथेचा पार गोंधळ उडाला. त्या वर्षी सगळ्या जगाला नर्स हवी होती आणि नर्स व्हायला निघालेल्यांना मात्र वॉर्डाचं दार बंद होतं. तो निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. पीपीई किट ड्युटीवरच्या सिस्टरांनाच पुरत नव्हते.

ॲनाटॉमी पहिल्या वर्षीच झालेली असल्यामुळे थिअरी डोक्यात जात होती. अडलं ते साध्या बीपीवर. व्हिडिओत हेडफोन लावून ऐकलेले ठोके इतके स्वच्छ की वाटलं, यात काय आहे? पुढे वॉर्डात पोस्टिंग लागली तेव्हा समोर एक बारीक हाडाच्या आजी, दंडावर कफ (बीपीचा पट्टा) सैल, वर पंखा करकरतोय, शेजारच्या कॉटवर तीन नातेवाईक बोलतायत. मला काहीच ऐकू येईना. वॉर्डातल्या सिस्टरांनी स्टेथोस्कोप काढून माझ्या गळ्यात अडकवला आणि म्हणाल्या, "आधी कान नको, बोटं लाव." मनगटाची नाडी धरायची, कफ फुगवत न्यायचा, नाडी लागेनाशी झाली की तिथून आणखी तीस वर, मग कोपराच्या आतल्या बाजूला धमनी चाचपून तिथेच स्टेथोस्कोप ठेवायचा आणि हवा हळूहळू सोडायची. हे सगळं पुस्तकात होतं, मॅडमनी स्लाइडवर दाखवलंही होतं. पण कफ किती सैल म्हणजे सैल, हे स्लाइड सांगत नाही.

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) पहिलं वर्ष, श्रीवर्धन तालुका

आमच्याकडे कोरोनापेक्षा निसर्ग वादळानेच कॉलेज बंद पाडलं म्हणायचं. ३ जून २०२० ला बागायतीची वाडी झोपली, घराची कौलं गेली, विजेचे खांब आडवे. लाइट यायला महिन्याच्या वर गेला. फोन चार्ज करायला बाबा गाडीची बॅटरी वापरायचे. त्या काळात ऑनलाइन वर्गात रोज प्रेझेंटी घेतली जायची आणि माझ्या नावापुढे रोज फुली. मी फोन करून सांगितलं तर उत्तर आलं, "सगळ्यांना नेटवर्कचीच कारणं असतात."

बाकी काय शिकले ते नंतर लिहीन, पण ही फुली मी विसरलेली नाही.

पोस्ट बेसिक बी.एस्सी. (डिप्लोमानंतरची पदवी), नाशिक

मी आधीच स्टाफ नर्स होते, शिकायला म्हणून रजेवर. पहिल्या लाटेत परत ड्युटीवर बोलावलं. सहा तास किटमध्ये, बाहेर आल्यावर कपाळावर आणि नाकावर वळ, मग क्वारंटाइनच्या लॉजवर जाऊन नर्सिंग रिसर्चचं लेक्चर. मॅडम सॅम्पलिंगच्या पद्धती समजावून सांगत असताना मला कितीदा झोप लागली याचा हिशेब नाही. पण एक सांगते, रेकॉर्डिंग नसतं तर माझं वर्ष वाया गेलं असतं. रात्री दोनला जागी होऊन मी तेच लेक्चर ऐकायचे. मुलगा सासूबाईंकडे, बोलायला कोणी नाही. तेव्हा मॅडमचा आवाज चालू असला तरी बरं वाटायचं. ऑनलाइनला शिव्या घालणाऱ्यांनी नोकरी करून शिकणाऱ्या बायकांना एकदा विचारावं.

बी.एस्सी. पहिलं वर्ष, परभणी

वरच्या ताईंना दुजोरा. मी मराठी माध्यमातली. वर्गात इंग्रजी धाडधाड यायचं आणि हात वर करायची हिंमत नव्हती. व्हिडिओ थांबवता येतो, मागे नेता येतो. फार्माकॉलॉजी मी अशीच थांबत थांबत पार केली. एकेका औषधाचं नाव वहीत देवनागरीत लिहून काढायचे, मग इंग्रजी स्पेलिंग. कॉलेज सुरू झालं तेव्हा वर्गातल्या हुशार मुली माझी वही मागायला लागल्या.

इंजेक्शनचं मात्र विचारू नका. घरी संत्र्यावर सराव. संत्रं ओरडत नाही, हात मागे घेत नाही, आणि "आधी कुणाला दिलंय का गं?" असं विचारत नाही.

जीएनएम दुसरं वर्ष, अक्कलकुवा (नंदुरबार)

आमच्या पाड्यावर रेंज नव्हती. टेकडीवर एका ठरावीक जागी यायची, तिथे आम्ही चौघं जण वेगवेगळ्या कोर्सचे लेक्चर ऐकायचो. एक आयटीआयचा, एक डीएड, एक बी.ए. आणि मी. पावसाळ्यात छत्री धरून कोण बसणार? म्हणून त्या महिन्यांत मी काहीच शिकले नाही असं कॉलेजच्या कागदावर दिसेल.

पण १५ सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम आली. आशाताई एकट्या पडल्या होत्या, मी त्यांच्याबरोबर निघाले. घरोघरी ताप बघायचा, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, घरात कोणाला शुगर, बीपी आहे का ते विचारायचं. ऑक्सिमीटर आकडा दाखवेना म्हणून मी घाबरले, तर आशाताई म्हणाल्या, "त्या बाईचे हात बघ, नदीवरून आलीय, गार पडलेत. चोळ आधी." चोळल्यावर आकडा आला. पुढे एका बाईच्या नखांवर गडद नेलपॉलिश होतं, तेव्हा त्यानेही आकडा अडतो हे मला कोणी सांगावं लागलं नाही.

कम्युनिटी हेल्थ नर्सिंग मी आशाताईंकडून शिकले. गरोदर बायांच्या याद्या, बाळांची वजनं, कोणत्या घरात नवरा आधी बोलतो आणि कोणत्या घरात सासू, हे सगळं. लॉगबुकात लिहायला मात्र त्याला रकाना नव्हता.

बी.एस्सी. तिसरं वर्ष, नागपूर (ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स)

भाऊ, मी जरा कडकच लिहितो. पहिल्या लाटेत आम्हाला म्हणे वॉर्डात पाय ठेवू नका, धोका आहे. दुसऱ्या लाटेत तेच आम्ही अचानक कामाचे झालो. ३ मे २०२१ ला केंद्राने जाहीर केलं की बी.एस्सी. आणि जीएनएम झालेल्या नर्सना सीनियर डॉक्टर-नर्सच्या देखरेखीखाली पूर्णवेळ कोविड ड्युटीला घ्या, आणि शंभर दिवस पूर्ण करणाऱ्याला सरकारी भरतीत प्राधान्य. आम्ही तर पासही झालेलो नव्हतो. तरी आमच्याकडच्या कोविड सेंटरला मनुष्यबळ पाहिजे होतं, गेलो.

पहिल्या दिवशीची गोष्ट. एका काकांचं सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) घसरत होतं. ऑक्सिजनचा मास्क लावलेला, पिशवीवाला, एनआरबीएम (नॉन-रिब्रीदर मास्क). मी मॉनिटरकडे बघत बसलो. सिस्टर आल्या, मॉनिटरकडे पाहिलंच नाही, मास्कखालची पिशवी हातात धरली. चपटी. ऑक्सिजनचा फ्लो मिनिटाला पाच लिटरवर होता. त्यांनी तो पंधरावर नेला, पिशवी फुगली तशी काकांच्या मानेची धडपड कमी झाली. "आकडा नंतर बघ, पिशवी आधी बघ." मग काकांना समजावून पालथं झोपवलं. छातीखाली, ओटीपोटाखाली, नडगीखाली उशा. पालथं कसं झोपवायचं हे मी पाच-सहा व्हिडिओंत बघितलं होतं. सलाइन, कॅथेटर आणि ऑक्सिजनची नळी सांभाळत पंच्याऐंशी किलोचा माणूस वळवायला किती हात लागतात, ते कुठल्या व्हिडिओत नव्हतं.

शिकलो, खूप शिकलो. पण हे शिक्षण नव्हतं, ही गरज होती. दोन्हींत गल्लत करून कोणी "बघा, पोरं कशी तयार झाली" म्हणतं तेव्हा मला राग येतो.

नर्सिंग ट्यूटर, कोल्हापूर

शिकवणाऱ्यांच्या बाजूनेही लिहायला हवं. समोर साठ काळे चौकोन आणि त्यावर नावाची अद्याक्षरं. वर्गात कोणाला समजलं नाही ते डोळ्यांवरून कळतं, इथे मी भिंतीशी बोलत होते. बेड बाथचं (पेशंटला अंथरुणातच अंघोळ घालण्याचं) प्रात्यक्षिक मी माझ्या दिवाणावर मुलाला झोपवून दाखवलं. तो मधेच खो-खो हसला आणि त्या दिवशी पहिल्यांदा बऱ्याच मुलींनी माइक चालू केला. हात धुण्याच्या पायऱ्यांचे व्हिडिओ मागवले तर ते झकास आले. ते कौशल्य स्क्रीनवरून तपासता येतं, कारण चुकलेली पायरी दिसते. पोटाची तपासणी तपासता येत नाही, कारण हाताला काय लागलं ते मला दिसणार कसं?

माझं मत विचाराल तर पोषणशास्त्र, समाजशास्त्र, संख्याशास्त्र, रिसर्च यातलं बरंचसं आजही ऑनलाइन चालेल. वाचलेला वेळ स्किल लॅबला (पुतळ्यांवर सराव करायच्या खोलीला) द्यावा. पण होतं असं, की थिअरी ऑनलाइन जाते आणि लॅबचा वेळ मात्र वाढत नाही.

↳ परभणी : मॅडम, कॅमेरा बंद असायचा त्याबद्दल. आमच्याकडे एकच खोली. मागे वडील बनियनवर, आई स्वयंपाक करतेय, भाऊ भांडतोय. चालू करायची लाज वाटायची. शिवाय कॅमेरा चालू केला की दीड जीबी दुपारच्या आत खलास.

↳ ट्यूटर : हे तेव्हा एकीनेही सांगितलं नाही गं.

↳ परभणी : विचारलंही कोणी नाही, मॅडम.

बी.एस्सी. चौथं वर्ष, सातारा

मिडवायफरी, म्हणजे बाळंतपणाचा विषय. नर्सिंग कौन्सिलच्या तेव्हाच्या अभ्यासक्रमाप्रमाणे वीस नॉर्मल डिलिव्हरी स्वतः करायच्या असतात. स्क्रीनवर डिलिव्हरी बघणं आणि बाळाचं डोकं हातात येणं यांची तुलनाच नको. आमची पोस्टिंग उशिरा आणि घाईत झाली. एका लेबर रूममध्ये आमच्यासारख्या दोन-तीन कॉलेजच्या मुली, त्यात इंटर्न डॉक्टर. प्रत्येक बाईमागे कोण 'कंडक्ट' करणार यावर कुजबुज. माझी वही पूर्ण झाली, पण पोटावर हात ठेवून बाळाची पाठ कोणत्या बाजूला ते खात्रीने सांगायला लागले नोकरी लागल्यावर, ग्रामीण रुग्णालयातल्या एका जुन्या एएनएम (सहायक परिचारिका) ताईंमुळे. त्या मला आधी डोळे मिटायला लावायच्या.

बरेच महिने टांगणीला लावून परीक्षा मात्र समोर बसूनच झाली. वर्ग मोबाइलवर आणि पेपर केंद्रावर, या न्यायावर तेव्हा आमच्या ग्रुपवर जे काही लिहिलं गेलं ते इथे छापण्याजोगं नाही.

लेस्टर, इंग्लंड (मूळ ठाण्याची)

इकडचं वेगळं होतं, म्हणून लिहिते. २०२० मध्ये इथल्या नर्सिंग कौन्सिलने आणीबाणीचे नियम काढले आणि शेवटच्या सहा महिन्यांतल्या विद्यार्थ्यांना पगारी प्लेसमेंटचा (वॉर्डातल्या पोस्टिंगचा) पर्याय दिला. जायचं की नाही ते विद्यार्थ्याने ठरवायचं. मी पहिल्या वर्षाला होते, आमच्या प्लेसमेंट थांबवल्या. इथे २३०० तास प्रत्यक्ष कामाचे भरावेच लागतात. पुढे त्यातले ३०० पर्यंत तास सिम्युलेशनमधून (खऱ्या पेशंटशिवायच्या सरावातून) धरायला परवानगी मिळाली. सगळं आलबेल होतं असं नाही, एकटेपणाने रडायला यायचं. पण कामाचा पगार आणि राहिलेल्या तासांचा हिशेब, दोन्ही कागदावर होतं. नागपूरच्या दादांचा राग वाचून हेच आठवलं.

जीएनएम पहिलं वर्ष, श्रीवर्धन (पुन्हा मीच)

वर म्हटलं होतं म्हणून लिहिते. तिसऱ्या वर्षी आमच्या नव्या ट्यूटरांनी संध्याकाळची लॅब उघडी ठेवली. मॅनिकिनचा (सरावाच्या पुतळ्याचा) एक हात तुटलेला, तरी रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी), कॅथेटर, सक्शन सगळं पहिल्यापासून करून घेतलं. नाकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या टोकापर्यंत मोजायचं, हे पाठ होतं. पण ट्यूब घशाशी अडते तेव्हा ढकलायचं नाही, पेशंटला गिळायला सांगून वाट बघायची, हा धीर तिथे आला. फुली मात्र तशीच राहिली, हजेरी भरून काढायला जादा पोस्टिंग केली.

सध्या बी.एस्सी. दुसरं सेमिस्टर, लातूर

ताई-दादांनो, आमच्याकडे आता शनिवारी थिअरी ऑनलाइन करायचं चाललंय. कॉलेजकडे काय मागू?

↳ धागा काढणारी : लेक्चरचं रेकॉर्डिंग मागा. शनिवारच्या तासांइतकी स्किल लॅब आठवड्यात वाढवून मागा, आणि ती वेळापत्रकात छापून घ्या. तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

↳ नागपूर : आणि नाइट पोस्टिंग टाळू नको. रात्री सिस्टरांना शिकवायला वेळ असतो.

↳ नाशिक : कुठल्या वॉर्डात वेळ असतो हो रात्री? पत्ता सांगा, बदली मागते.