विधानसभेतल्या लेखी उत्तरात ‘योजना कार्यान्वित’, गावात नळ कोरडे. आता काय करायचं? (मदत हवी आहे)

माळावरचा
कुणीतरी लवकर सांगा. आमच्या गावच्या पाणी योजनेवर प्रश्न लागला होता, त्याच्या उत्तराची प्रत आज हातात पडली. मंत्रिमहोदयांच्या नावाने छापलंय की कामं पूर्ण झाली असून योजना कार्यान्वित आहे. अहो, नळाला एकदाही पाणी आलेलं नाही! टाकी रंग देऊन, वर योजनेचं नाव लिहून उभी आहे. घरोघर नळ बसवलेत, त्यांना पोरं सायकली टेकवतात. बायका अजून शेतातल्या विहिरीवरूनच पाणी आणतात. हे उत्तर मागे घ्यायला कसं लावायचं? अर्जाचा नमुना असेल तर टाका. शनिवारी ग्रामसभा आहे, त्याआधी हवा.

सह्यकडा
प्रश्न विधानसभेतला, विधान परिषदेतला की लोकसभेतला? तारांकित (सभागृहात तोंडी उत्तराचा) की अतारांकित (फक्त लेखी उत्तराचा)? कुठल्या अधिवेशनातला, क्रमांक काय, कुणाकुणाच्या नावावर? योजना कोणती? हे कळल्याशिवाय नमुना देऊन उपयोग नाही. उत्तर जसंच्या तसं इथे टाका.

माळावरचा
योजना जलजीवनची, दुसरी कुठली असणार. प्रश्न आमच्या आमदारांनीच विचारलाय. आता खासदारांना भेटतोय. दिल्लीत विचारलं की इथले हलतील.

हक्काचं_पाणी
आमदार-खासदार सोडा, सरळ माहिती अधिकार टाका. १० रुपयांचं तिकीट, ३० दिवसांत माहिती. नाही दिली तर पहिलं अपील, मग माहिती आयोग. आणि पाणी म्हणजे जीविताचाच प्रश्न, तेव्हा कलम ७(१) खाली ४८ तासांत माहिती मागा.

सह्यकडा
४८ तासांच्या फंदात पडू नका. ती तरतूद जीवित वा स्वातंत्र्याचा तातडीचा प्रश्न असेल तिथे चालते. जन माहिती अधिकारी ती मान्य करत नाही आणि वाद तिथेच अडकतो. साधा अर्ज करा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, ती पाळा, नाहीतर त्याच कारणावरून परत येईल.

हक्काचं_पाणी
म्हणून काय मागायचंच नाही का? अपिलात लढता येतं. आमच्या भागात टँकरच्या नोंदी मी अशाच मिळवल्यात.

दिल्लीकर_मराठी
धागाकर्ते, खासदारांकडून या कामाला फार फायदा होणार नाही. पाणीपुरवठा हा राज्यसूचीतला विषय. लोकसभेत जलशक्ती मंत्रालयाचं उत्तर सुरूच होतं ते ‘पिण्याचे पाणी हा राज्यांचा विषय आहे’ इथून, आणि पुढे राज्यांनी कळवलेल्या आकड्यांचा तक्ता. तुमचं गाव त्या तक्त्यात दिसणारच नाही. शिवाय लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात, तेही सोडतीतून. राज्यसभेत १५ आणि १६०. खासदारांना भेटा जरूर, पण केंद्राचा निधी किती आला, किती खर्च झाला, एवढ्यासाठी. योजनेत महाराष्ट्रासाठी केंद्राचा आणि राज्याचा वाटा निम्मा-निम्मा आहे, तेव्हा तो प्रश्न तिथे बसतो.

थेम्सकाठी
इकडे इंग्लंडमध्ये आम्ही आमच्या मतदारसंघाच्या खासदाराला ईमेल करतो आणि तो लेखी प्रश्न टाकतो. ठरावीक तारखेला उत्तर मागण्याचीही सोय आहे, असे प्रश्न एका सदस्याला दिवसाला पाचच टाकता येतात. उत्तरं जालावर सगळ्यांना शोधता येतात. आपल्याकडेही अशी सोय हवी.

दिल्लीकर_मराठी
लोकसभा आणि राज्यसभेची उत्तरं संसदेच्या संकेतस्थळावर मिळतात. सदस्याचं नाव, मंत्रालय, विषय टाकून शोधता येतात.

बंब_चूल
टाकीत पाणी सोडतील तेव्हा आधी ते तपासून घ्या. नवीन टाकीत सिमेंटचा अंश राहतो. क्षेत्रीय तपासणी संच ग्रामपंचायतीकडे असतो, गावातल्या पाच महिलांना त्याचं प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. फ्लोराइड आणि नायट्रेट नक्की बघा. आमच्याकडे पाणी आलं, पण दातांवर पिवळे डाग पडायला लागले.

माळावरचा
अहो ताई, पाणीच नाही तर तपासू काय! उत्तर टाकतोय. तारांकित प्रश्न आहे, विधानसभेचा. वर पाच-सहा आमदारांची नावं, आमचे दुसऱ्या नंबरवर. पुकारला गेला नाही म्हणे, पण उत्तर छापलंय:

‘(१) सदर गावातील नळपाणी पुरवठा योजनेचे काम अपूर्ण असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व तद्नुसार संबंधितांवर कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?
उत्तर: (१) हे खरे नाही. सदर योजनेची भौतिक कामे पूर्ण झाली असून योजना कार्यान्वित आहे. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.’

निवृत्त_कारकून
तुमच्या प्रश्नाला थेट उत्तर देतो. अनेक वर्षं जिल्हा परिषदेत हे कागद हाताळलेत. विधानसभेतल्या अशा प्रश्नाला आम्ही इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एलएक्यू’ म्हणायचो. विधानमंडळ सचिवालयातून प्रश्न मंत्रालयातल्या विभागाकडे येतो, तिथून कार्यासनाकडे (म्हणजे विभागातल्या तो विषय बघणाऱ्या शाखेकडे), मग जिल्हा परिषदेला, तिथून कार्यकारी अभियंता, उपअभियंता आणि शेवटी शाखा अभियंता. ‘आजच्या आज माहिती सादर करावी’ असा शेरा असतो. शाखा अभियंता जे लिहितो तेच शब्द बदलत वर जातं आणि मंत्र्यांच्या नावाने छापलं जातं. सोबत पूरक टिप्पणी जोडलेली असते, कारण तारांकित प्रश्न सभागृहात पुकारला गेला तर आमदार उपप्रश्न विचारतात. म्हणजे ज्याच्या कामावर प्रश्न, उत्तराचा पहिला मसुदा त्याचाच. व्यवस्थेतला खरा दोष हा आहे आणि तो पाहून मला आजही चीड येते. पुरावा बाहेरून आल्याशिवाय हे उत्तर बदलणार नाही.

तुमच्या प्रश्नाचीही मांडणी ढिली आहे. ‘काम अपूर्ण आहे काय’ असं विचारलं की ‘हे खरे नाही’ म्हणून मोकळं होता येतं आणि पुढचे सगळे भाग आपोआप पडतात. नेमका भाग, नेमकी तारीख, नेमकी रक्कम विचारायला हवी होती.

न्यायप्रिय
हक्कभंग आणा! सभागृहाची दिशाभूल केली म्हणून आमदारांनी मंत्र्यांविरुद्ध हक्कभंगाची सूचना द्यावी.

अधिवेशनवारी
मी एका आमदारांकडे स्वीय सहायक होतो, म्हणून सांगतो. उत्तर चुकीचं निघालं एवढ्यावर हक्कभंग होत नाही. जाणूनबुजून दिशाभूल केली हे दाखवावं लागतं, आणि मंत्री म्हणतील मला खालून आलेली माहिती मी दिली. त्यापेक्षा आमदारांनी कागदांसह अध्यक्षांना लिहावं, किंवा त्याच उत्तरावर अर्धा तास चर्चा मागावी, किंवा लक्षवेधी द्यावी. मंत्र्यांना चुकलेलं उत्तर सुधारून निवेदन करता येतं.

न्यायप्रिय
मग मंत्र्यांची काहीच जबाबदारी नाही? सभागृहात उत्तर मंत्र्यांचं असतं, शाखा अभियंत्याचं नाही. १९५७ साली आयुर्विमा महामंडळाच्या गुंतवणुकीवर लोकसभेत प्रश्न विचारला गेला, फिरोज गांधींनी तो विषय लावून धरला, न्या. छागलांनी चौकशी केली आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारींना जावं लागलं. मुंदडा प्रकरण म्हणतात ते हेच. तिथेही खालच्या अधिकाऱ्यांकडे बोट दाखवलं गेलं होतं, ते चाललं नाही.

अधिवेशनवारी
जबाबदारी मंत्र्यांचीच, त्याबद्दल दुमत नाही. पण फिरोज गांधींच्या हातात कागद होते. माळावरचा यांच्या हातात अजून काही नाही.

दिल्लीकर_मराठी
अवांतर: सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात संसदेत प्रश्नोत्तराचा तासच नव्हता, फक्त अतारांकित प्रश्नांना लेखी उत्तरं मिळाली. तेव्हा कळलं की समोरासमोरचा उपप्रश्न गेला की काय जातं. लेखी उत्तराला प्रत्युत्तर देता येत नाही.

हक्काचं_पाणी
आश्वासन समितीकडे जा ना मग.

निवृत्त_कारकून
त्या समितीपुढे जायला उत्तरात आश्वासन हवं. ‘कार्यवाही करण्यात येईल’, ‘तपासून पाहण्यात येईल’ असं काही असतं तर ते धरता आलं असतं. इथे तर सगळं झालंच आहे म्हणतात. विनंती अर्ज समिती मात्र वापरता येईल, आमदारांमार्फत.

माळावरचा, मला एक सांगा, शनिवारच्या ग्रामसभेत विषय काय आहेत? नोटीस बघितली का?

माळावरचा
नेहमीचेच. घरकुल यादी, जमाखर्च, आणि पाणी योजना ताब्यात घेणे व ‘हर घर जल’ गाव घोषित करणे. सरपंच म्हणतात, ठराव झाला की राहिलेलं काम ठेकेदार करून देईल.

निवृत्त_कारकून
तुमचा सगळा प्रश्न त्या ठरावात आहे! तो शनिवारी मंजूर होऊ देऊ नका. ‘हर घर जल’ आधी विभागाच्या नोंदीवरून दाखवलं जातं, प्रमाणित होतं ते ग्रामसभेच्या ठरावानेच. ठराव झाला की ‘कार्यान्वित’ला गावाचीच सही मिळाली. मग ना आमदार काही करू शकत, ना माहिती अधिकार. ठेकेदाराचं शेवटचं देयक निघालं की तो कशाला परत येतोय?

सह्यकडा
काकांशी सहमत. गणपूर्तीकडेही लक्ष ठेवा. ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार, यातली जी संख्या कमी तेवढे हवेत. पण गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेला ती अट नसते, आणि ठराव तिथे हळूच होऊन जातो. म्हणून लोक घेऊन जा. त्याआधी महिलांची ग्रामसभा होते, ती घेतलीच पाहिजे म्हणून आग्रह धरा. पाणी भरणाऱ्या बायकांनीच तिथे सांगू दे की नळाला पाणी येत नाही.

माळावरचा
हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. पण नुसता विरोध केला तर सरपंचांची माणसं म्हणतील तुम्हाला गावाचं भलं नको आहे. हातात काय घेऊन जाऊ? योजना चालू नाही हे कागदावर कसं दाखवायचं?

बंब_चूल
पंप कुठे आहे? त्याला वीज आहे का?

माळावरचा
उद्भव विहीर, म्हणजे जिथून योजनेचं पाणी उचलायचं ती, तीन-साडेतीन किलोमीटरवर, ओढ्यापलीकडे. पंपघर बांधलंय. मीटर नाही, पेटीचा सांगाडा आहे नुसता. ओढ्यावरची पाइपलाइनही जोडायची राहिलीय.

बंब_चूल
मग झालं की! पंपाला वीजजोडणीच नसेल तर योजना कार्यान्वित कशी? ग्रामपंचायतीला लेखी विचारा: पंपाचा ग्राहक क्रमांक काय, पहिलं वीजबिल कधीचं, ते कुणी भरलं? आमच्या गावात हेच विचारलं आणि सभेत कुणाला उत्तर देता आलं नाही.

हक्काचं_पाणी
अगदी बरोबर. माहिती अधिकारात याच्या जोडीला मोजमाप पुस्तिका, त्रयस्थ तपासणीचा अहवाल, पूर्णत्वाचा दाखला आणि ठेकेदाराला दिलेल्या देयकांच्या प्रती मागा. कलम २(ञ) खाली कामाची प्रत्यक्ष पाहणीही करता येते. ओढ्यावर जिथे पाइप तुटक आहे तिथे अधिकाऱ्यासोबत उभं राहून नोंद करून घ्या. 

निवृत्त_कारकून
त्यात आणखी एक मागा. या तारांकित प्रश्नाच्या उत्तरासाठी जिल्हा परिषदेने मंत्रालयाला पाठवलेला अहवाल, सहीसह. उत्तर सभागृहात छापून आलंय, तेव्हा आता विशेषाधिकाराचं कारण पुढे करणं कठीण. ‘कार्यान्वित’ कुणी लिहिलं ते त्या सहीवरून कळेल.

अधिवेशनवारी
आमदारांच्या कार्यालयासाठी मसुदा देतो. नवा प्रश्न या धर्तीवर द्या आणि सूचना स्वीकारण्याची मुदत संपायच्या आत द्या. अधिवेशन तोंडावर आल्यावर गेलात तर उपयोग नाही.

‘(१) (गाव) येथील जलजीवन मिशन अंतर्गत नळपाणी पुरवठा योजना कार्यान्वित असल्याचे तारांकित प्रश्न क्रमांक (…) च्या उत्तरात नमूद केले आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, सदर योजनेच्या पंपगृहास वीजजोडणी कोणत्या दिनांकास मिळाली व तिचा ग्राहक क्रमांक काय आहे, (३) ओढ्यावरील जलवाहिनीची जोडणी कोणत्या दिनांकास पूर्ण झाली, (४) ठेकेदारास आजपर्यंत किती रक्कम अदा करण्यात आली, (५) ग्रामसभेने (दिनांक) रोजी योजना अपूर्ण असल्याचा ठराव केला आहे, हे खरे आहे काय, असल्यास, त्यावर कोणती कार्यवाही केली?’

दिनांक, क्रमांक, रक्कम विचारली की ‘प्रश्न उद्भवत नाही’ लिहायला जागा राहत नाही. पाचवा भाग शनिवारच्या ठरावावर उभा आहे. आणि प्रश्न तुमच्याच आमदारांनी विचारायला हवा असंही नाही, कुठलाही सदस्य विचारू शकतो. आमदार टाळाटाळ करत असतील तर पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघातून विधान परिषदेवर गेलेल्या सदस्यांकडे जा.

न्यायप्रिय
मसुदा चांगला आहे. पण सहावा भाग हवा: चुकीची माहिती देणाऱ्या अधिकाऱ्यावर कोणती कारवाई केली?

अधिवेशनवारी
तो आत्ता नको. आधी चूक सिद्ध होऊ दे. नाहीतर सगळं खातं पहिल्या पाच भागांची उत्तरं लपवण्यात एक होईल.

न्यायप्रिय
पटत नाही. कारवाईची भीती नसेल तर पुढचं उत्तरही असंच येईल.

माळावरचा
दोन्ही मसुदे ठेवतो, आमदारांच्या माणसाला उद्या भेटतोय. ग्रामपंचायतीला वीजजोडणीबद्दलचं पत्र आत्ताच दिलं आणि पोच घेतली. ग्रामसेवक पत्र वाचून म्हणाले, ‘हा विषय नोटिशीत नाही.’ ग्रामसभेत तो घेता येईल का?

सह्यकडा
वेगळा विषय घ्यायची गरजच नाही. योजना ताब्यात घेण्याचा विषय नोटिशीत आहेच, त्यावर चर्चा करताना हे पत्र वाचून दाखवा. योजना अपूर्ण असल्याने ताबा नाकारत आहोत, असाच ठराव मांडा, सूचक-अनुमोदकांची नावं इतिवृत्तात लिहून घ्या आणि सभा उठायच्या आत ठरावाची नक्कल अर्ज देऊन मागा.