सार्वजनिक भूखंड बीओटीवर जाणार असेल तर करारात काय पाहावे? (नाशिक)

प्रश्न : वसाहतकर

आमच्या वसाहतीलगत एका सार्वजनिक यंत्रणेच्या मालकीचा भूखंड आहे. प्रस्ताव अजून विचाराधीन असल्याने यंत्रणेचे नाव येथे लिहीत नाही. भूखंडावर बॅडमिंटनचे एक जुने सभागृह, त्यामागे लहानसे उद्यान आणि रस्त्याच्या बाजूला गाळ्यांची एक रांग आहे. सभागृहाचे छत गळते आणि गाळ्यांच्या भाड्याची थकबाकी कोणी मागतही नाही. हा सगळा भूखंड बीओटी (बांधा, वापरा, हस्तांतरित करा) तत्त्वावर ३० वर्षांसाठी एका खासगी विकसकाकडे द्यावा, त्याने सभागृह नव्याने बांधून चालवावे, गाळ्यांच्या जागी व्यापारी संकुल उभारावे आणि यंत्रणेला दरवर्षी ठरावीक रक्कम द्यावी, असा प्रस्ताव आहे. तो विकसकानेच तयार करून आणला, असेही समजते.

सोसायटीच्या बैठकीत सरळ दोन तट पडले. एका तटाच्या मते जागा विकायला काढली आहे, तर दुसऱ्याच्या मते सरकारी यंत्रणेला जे इतकी वर्षे जमले नाही ते खासगी माणूस तरी करील. हरकती व सूचना मागवल्या जातील तेव्हा आम्हाला मुद्देसूद काही लिहायचे आहे. ज्यांनी असे करार जवळून पाहिले आहेत त्यांनी सांगावे, की मसुद्यात प्रथम कोणती कलमे वाचावीत, आणि मुळात तो मसुदा आम्हाला पाहायला मिळू शकतो का?

उत्तर : जमाखर्च

माझी नोकरी लेखा विभागात गेली, त्यामुळे माझी नजर आधी पैशाच्या कलमांवर जाते, हे गृहीत धरूनच पुढचे वाचावे.

पीपीपी (सार्वजनिक-खासगी भागीदारी) या एकाच नावाखाली अगदी वेगवेगळे व्यवहार चालतात आणि त्यांतील खरा फरक जोखीम कोणी उचलली यावरून पडतो. मुंबई-आग्रा महामार्गाचा वडपे ते गोंदे हा टप्पा बीओटीवर चौपदरी झाला. तेथे रस्त्यासाठी पैसा उभा करणाऱ्याने तो घोटीच्या नाक्यावरील टोलमधून वसूल करायचा, म्हणजे वाहने कमी आली तर पहिला फटका त्याला. पुढे देशभर असे अनेक प्रकल्प कर्जात अडकले, तेव्हा केंद्राने जानेवारी २०१६ मध्ये हायब्रिड ॲन्युइटी पद्धत मंजूर केली. तीत बांधकामाच्या काळातच खर्चाचा ४० टक्के वाटा सरकार देते, उरलेला ६० टक्के पुढील १५ वर्षांत हप्त्यांनी फेडते आणि टोल सरकारच्या तिजोरीत जातो, म्हणजे वाहने किती येतील याची चिंता कंत्राटदाराला उरत नाही. नाशिकची सिटीलिंक बससेवा तिसऱ्या प्रकारची आहे. ८ जुलै २०२१ रोजी ती सुरू झाली तेव्हापासून बस आणि चालक खासगी कंपनीचे, मार्ग आणि तिकिटाचे पैसे महानगर परिवहन महामंडळाचे, आणि कंपनीला मोबदला धावलेल्या किलोमीटरवर, अशी तिची रचना आहे. बस रिकामी धावली तर तोटा महामंडळाचा.

आता तुमच्या कामाचे. ज्या एककावर पैसे ठरतात, काम त्याच एककाच्या मागे धावते. कचरा उचलण्याचा मोबदला वजनावर असेल तर ओला कचरा, माती आणि बांधकामाचा राडारोडा गाडीत भरण्याचा मोह होतो, कारण वजनकाट्याला कचरा आणि विटांचे तुकडे सारखेच. तोच मोबदला फेऱ्यांवर ठरवला तर अर्धी गाडीसुद्धा एक फेरी म्हणून लागते. बसचे पैसे किलोमीटरवर असतील तर थांब्यावर न थांबता पुढे गेलेली बसही किलोमीटर भरतेच, म्हणून अशा करारात चुकवलेल्या थांब्याचा, उशिराचा आणि बंद दरवाजाचा दंड स्वतंत्रपणे लिहावा लागतो. त्या दंडाची आकारणी कोण करणार, कोणत्या नोंदीवरून करणार आणि तो कोणत्या देयकातून वळता होणार, हे लिहिलेले नसेल तर दंडाचे परिशिष्ट शोभेपुरते राहते.

तुमच्या सभागृहाबाबत हाच प्रश्न वेळेचा आहे. 'नागरिकांसाठी दररोज चार तास सवलतीच्या दरात' असे वाक्य मसुद्यात असेल तर ते चार तास कोणते, हे विचारा. दुपारी १२ ते ४ या वेळेत कोर्ट तसेही रिकामे असते. सवलतीचे तास सकाळी ६ ते ८ आणि सायंकाळी ६ ते ८ असे कराराच्या अंगातच लिहिले पाहिजेत, आणि आरक्षणाची नोंदवही यंत्रणेला कधीही पाहता आली पाहिजे. उद्यानाबद्दलही तसेच: फाटक किती वाजता उघडायचे, हे लिहिलेले नसेल तर ते व्यापारी संकुलाच्या सोयीने उघडेल.

वार्षिक रकमेचे कलम त्याहून महत्त्वाचे. ठरावीक रक्कम पहिल्या वर्षी भरघोस दिसते, पण तीत दरवर्षी किती वाढ होणार हे नसेल तर विसाव्या वर्षी ती नगण्य झालेली असते. ठरावीक किमान रक्कम आणि त्यावर एकूण उत्पन्नातील हिस्सा अशी दुहेरी रचना मला बरी वाटते. मात्र तो हिस्सा 'एकूण' उत्पन्नावर असावा, 'निव्वळ' नफ्यावर नको, कारण नफा कागदावर किती दाखवायचा हे हिशेब लिहिणाऱ्याच्या हातात असते.

सूत्र फसले की काय होते, याचा धडा दिल्ली-नोएडा उड्डाणमार्गाने दिला आहे. १९९७ च्या त्या करारात एकूण प्रकल्प खर्चावर दरसाल २० टक्के परतावा हमीने धरला होता आणि ज्या वर्षी तितका परतावा मिळणार नाही त्या वर्षीची तूट प्रकल्प खर्चातच मिळवायची सोय होती. परिणामी टोल भरला जात राहिला, तरी वसूल व्हायची रक्कम वाढतच गेली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये तो टोल थांबवला आणि २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. टोल थांबेपर्यंत वाहनचालकांनी भरलेले पैसे कोणाला परत मिळाले नाहीत, हे वेगळे सांगायला नको. तुमच्या मसुद्यात 'परतावा' हा शब्द कोठेही आला तर त्याची व्याख्या शोधून दोनदा वाचा.

उत्तर : सातपूरचा लघुउद्योजक

वरील उत्तरात सगळा संशय खासगी बाजूवर आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने थोडे लिहितो.

केंद्राने २००७-०८ मध्ये १,३९६ शासकीय आयटीआय उद्योगांच्या भागीदारीत सुधारण्याची योजना आणली. प्रत्येक संस्थेला अडीच कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज, पहिली १० वर्षे परतफेड नाही, आणि खर्च ठरवायला संस्था व्यवस्थापन समिती, जिचा अध्यक्ष भागीदार उद्योगातला आणि सदस्य-सचिव संस्थेचा प्राचार्य. कागदावर ही योजना मला आजही उत्तम वाटते, कारण ज्याला कामगार हवा आहे त्यालाच अभ्यासक्रमात बोलायची संधी तीत दिली होती. मी अशा एका समितीत काही काळ होतो. संस्थेचे नाव लिहीत नाही. आम्ही व्हीएमसी यंत्र (धातूकामाचे संगणकनियंत्रित यंत्र) घेतले. ते ट्रकमधून उतरले आणि पायावर बसलेही, पण त्याला लागणारा वाढीव वीजभार मंजूर होईपर्यंत ताडपत्रीखालीच राहिले. भार मिळाला तेव्हा ते यंत्र शिकवणारा निदेशक बदलून गेला होता आणि नव्या निदेशकाचे पद भरण्याचा अधिकार समितीकडे नव्हता. उरलेले पैसे मुदत ठेवीत पडले. त्यावर आक्षेप निघाला तो लेखापरीक्षणात, आणि उत्तर द्यायला उद्योजक सदस्यांनाच बोलावले गेले.

सांगायचे इतकेच, की सरकारी यंत्रणेने करायची कामेही करारात तारखेसह असली पाहिजेत. तुमच्या भूखंडावर जुने गाळेधारक आहेत. त्यांना हलवून जागा मोकळी करून कोण देणार, बांधकाम परवानगी आणि पाणीजोडणी किती दिवसांत मिळणार, आणि यंत्रणेकडून उशीर झाला तर ३० वर्षांची मुदत पुढे सरकणार का, हे त्यात नसेल तर कोणताही शहाणा विकसक त्या अनिश्चिततेची किंमत बोलीतच कापून घेतो. मग वार्षिक रक्कम कमी का आली म्हणून आपण त्याच्याच नावाने बोटे मोडतो.

आणखी एक, जे बैठकीत कोणाला आवडणार नाही. बॅडमिंटनचे सभागृह माफक दरात चालवून त्यातून बांधकामाचा खर्च निघणे अवघड आहे. तो भार व्यापारी संकुलावरच पडणार. संकुलाचे क्षेत्रफळ कमी करा आणि सभागृहाचे दरही कमी ठेवा, अशा दोन्ही मागण्या एकाच पत्रात लिहिल्या तर ते पत्र कोणी गांभीर्याने घेणार नाही. तोटा सरकारनेच काही अंशी भरून काढण्याची वाट मोठ्या प्रकल्पांसाठी आहे: नोव्हेंबर २०२० च्या सुधारित योजनेत पाणीपुरवठा, सांडपाणी, घनकचरा, आरोग्य, शिक्षण अशा सामाजिक क्षेत्रांना केंद्राकडून ३० टक्क्यांपर्यंत आणि राज्याकडून तितकेच व्यवहार्यता तफावत निधी मिळू शकतो. एका वसाहतीच्या सभागृहासाठी त्या वाटेला कोणी जाणार नाही.

उत्तर : अर्जदार

मसुदा मिळू शकतो का, या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही.

माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ४ प्रमाणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने बरीच माहिती आपणहून प्रसिद्ध करायची असते, आणि सवलती, परवाने ज्यांना दिले त्यांचा तपशील तीत येतो. केंद्राच्या कार्मिक विभागाने १५ एप्रिल २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत पीपीपी प्रकल्पांचा वेगळा उल्लेख करून प्रकल्प अहवाल, सवलत करार (म्हणजे प्रकल्प चालवण्याचा हक्क देणारा करार), देखभालीच्या पुस्तिका अशी कागदपत्रे खुली ठेवावीत असे म्हटले आहे. त्या सूचना केंद्राच्या असल्या तरी अर्जात त्यांचा हवाला देण्यास हरकत नाही.

अर्जात 'बीओटी प्रकल्पाची संपूर्ण माहिती द्यावी' असे लिहू नका. त्याला 'माहिती विस्तृत स्वरूपाची आहे' असे ठरलेले उत्तर येते. विकसकाने दिलेल्या मूळ प्रस्तावाची प्रत, त्यावरील सल्लागाराचा आर्थिक व्यवहार्यता अहवाल, कराराचा मसुदा सर्व परिशिष्टांसह आणि भूखंडाचे मूल्यांकन अशी कागदपत्रे नावानिशी मागा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, त्यानंतर त्याच कार्यालयात प्रथम अपील आणि पुढे राज्य माहिती आयोगाचे नाशिक खंडपीठ. कलम ८(१)(ड) खालील व्यापारी गुपिताचे कारण पुढे केले जाईल, हे धरून चाला. त्याच कलमात व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची तरतूद आहे, तिच्यावर अपिलात भर द्यावा. निविदा चालू असताना प्रतिस्पर्ध्याचा दर सांगता येत नाही, हे मला पटते. पण करार झाल्यावर सार्वजनिक जागेचे भाडे गुपित कसे राहू शकते?

प्रस्ताव विकसकानेच आणला, ही तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची ओळ आहे. या पद्धतीला स्विस चॅलेंज म्हणतात: एकाने योजना मांडायची, इतरांनी तिच्यावर बोली लावायची आणि मूळ मांडणाऱ्याला सर्वोत्तम बोलीशी बरोबरी करण्याची संधी द्यायची. म्हाडाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ही पद्धत ग्राह्य धरली, पण कोणत्या कामांना ती लावायची आणि तिचे नियम काय, हे आधी जाहीर करावे असेही सुचवले. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१५ च्या अहवालात तर अशा न मागितलेल्या प्रस्तावांना उत्तेजनच देऊ नये, अशी भूमिका घेतली. कारण उघड आहे. मांडणाऱ्याने जागेचा अभ्यास वर्षभर केलेला असतो, इतरांना काही आठवडे मिळतात. म्हणून प्रतिबोलीसाठी किती दिवस दिले, हे जरूर विचारा.

यंत्रणा महापालिका असेल तर जागा भाडेपट्ट्याने देण्यासाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम ७९ लागू होते आणि मोबदला चालू बाजारमूल्यापेक्षा कमी असून चालत नाही. मूल्यांकनाची तारीख पाहायला विसरू नका, ते चार वर्षे जुने निघाले तर तोच तुमचा पहिला आक्षेप.

वसाहतकर

सर्वांचे आभार. आज अर्ज लिहायला घेतला आहे. जमाखर्च यांना एक विचारायचे आहे. मसुद्याचा सारांश ज्यांनी पाहिला त्यांच्या म्हणण्याप्रमाणे कामाची तपासणी 'स्वतंत्र अभियंता' करील आणि त्याची नेमणूक विकसक करील. हे नेहमीचे आहे का? आणि विकसकाने काम मध्येच सोडले तर अर्धवट इमारतीचे काय होते?

जमाखर्च

नेहमीचे नाही. राष्ट्रीय महामार्गांच्या नमुना करारात स्वतंत्र अभियंत्याची निवड प्राधिकरण करते, त्याचे मानधन प्राधिकरणच देते आणि निम्मी रक्कम नंतर कंपनीकडून वसूल करते. नेमणूक विकसकाकडे असेल तर तो अभियंता स्वतंत्र कशाचा? हरकतीत हे सर्वांत वर घ्या आणि नेमणूक यंत्रणेने करावी, मानधन दोघांनी निम्मे-निम्मे सोसावे, असे सुचवा.

काम सोडले तर काय, हे संपुष्टीच्या कलमात असते आणि ते बहुधा शेवटच्या पानांत सापडते. त्याच नमुना करारात प्रकल्प वापरात आल्यानंतर कंपनीच्या चुकीने करार संपला तर सरकार तिच्या थकीत कर्जाच्या ९० टक्के रक्कम विम्याची रक्कम वजा करून देते, आणि सरकारच्या चुकीने संपला तर पूर्ण कर्ज व शिवाय भागभांडवलाच्या दीडपट. म्हणजे चूक कोणाचीही असो, बँकेचे कर्ज बऱ्याच अंशी सार्वजनिक पैशातूनच फिटते. म्हणून तुमच्या करारात विकसक या जागेवर किती कर्ज काढू शकतो याची कमाल मर्यादा आहे का, जागा बँकेकडे तारण ठेवायला मुभा आहे का आणि बांधकाम पूर्ण होईपर्यंत बँक हमी किती रकमेची आहे, या तीन गोष्टी पाहा. व्यापारी संकुल आधी आणि सभागृह नंतर असा बांधकामाचा क्रम दिसला तर तो उलटा करून मागा, आणि सभागृह वापरात आल्याचा दाखला मिळाल्याशिवाय एकही गाळा भाड्याने देता येणार नाही, असे वाक्य घालायला सांगा.