वाटण तेच, मग सुरमई आणि रोहूच्या चवीत फरक का?

प्रश्न (वाटणवाला): मालवणहून नोकरीनिमित्त नागपूरला आल्यापासून ताजी सुरमई क्वचितच मिळते, म्हणून घरचे ओल्या खोबऱ्याचे वाटण मी रोहूसाठी वापरतो. कोकम, तिरफळे, सारे तेच असूनही कालवणाला समुद्रातल्या मासळीचा गोडवा येत नाही. उलट मागे चिखलासारखा वास रेंगाळतो. मसाला तोच असताना चव बदलत असेल, तर मासळीला आणि मटणाला मुळात चव येते कशाने?

उत्तर (खारे पाणी): समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्या खारटपणापुढे शरीरातले पाणी टिकवण्यासाठी सागरी जीव आपल्या पेशींत ग्लायसीनसारखी अमिनो आम्ले साठवतात. ग्लायसीन गोड असते. कोळंबी आणि खेकडे गोड लागतात ते बऱ्याच अंशी त्यामुळेच. गोड्या पाण्यातल्या रोहूला अशा साठ्याची गरज पडत नाही. चिखलाचा वास मात्र जिओस्मिनचा, म्हणजे पहिल्या पावसात मातीला जो सुवास येतो त्याच द्रव्याचा. तळ्यातले सूक्ष्मजीव ते तयार करतात आणि ते माशाच्या कातडीत व चरबीत मुरते. आम्लाने त्याचे विघटन होते, तेव्हा रोहूची कातडी काढून तुकडे अर्धा तास चिंचेच्या कोळात ठेवून पाहावेत.

उत्तर (जुना खवय्या): यात एक भर घालतो. सागरी माशांत ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड असते. त्याला स्वतःचा वास नसतो, पण मासा मेल्यावर जीवाणू त्यापासून ट्रायमिथिलअमाइन बनवतात आणि मग बाजारातला तो परिचित दर्प सुटतो. कोकमाचे आम्ल त्याला बांधून ठेवते, म्हणून बांगड्याला आंबट हवेच. खरी चव मात्र इनोसिनेटची: स्नायूंतली ऊर्जा साठवणारी द्रव्ये मृत्यूनंतर मोडत जाऊन ते तयार होते. जपानमध्ये १९०८ साली रसायनशास्त्रज्ञ इकेदा यांनी समुद्री शेवाळातून ग्लुटामेट हे असेच चव देणारे द्रव्य वेगळे केले, १९१३ साली कोदामा यांनी सुक्या माशातून इनोसिनेट शोधले, आणि ही दोन्ही एकत्र आली की चव कितीतरी पटींनी वाढते, हे पुढे सिद्ध झाले. इनोसिनेटही टिकत नाही, त्याचे पुढे कडसर द्रव्य होते. त्यामुळे बर्फात फार दिवस राहिलेला मासा वास येत नसतानाही सपक लागतो.

उत्तर (अळणी रस्सा): मटणाचा प्रश्न राहूनच गेला. निव्वळ मांसाची चव बऱ्याच प्राण्यांत सारखी असते. बोकड की कोंबडी, हे मुख्यतः चरबी सांगते. बोकडाच्या चरबीत फांद्या असलेली काही मेदाम्ले असतात आणि मटणाचा उग्र वास त्यांचाच. मांस परतताना येणारा खमंगपणा वेगळा: अमिनो आम्ले आणि शर्करा यांच्या ज्या अभिक्रियेचे वर्णन १९१२ साली मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने केले, तिचा तो परिणाम आहे. नुसत्या उकळत्या पाण्यात ती फार मंद चालते, म्हणून सुक्या मटणाचा खमंगपणा अळणी पाण्यात उतरत नाही. (कोल्हापूरकरांनी रागावू नये, अळणी पाण्याचा गोडवा मलाही प्रिय आहे.)

वाटणवाला: चिंचेचा उपाय करून पाहिला. चिखलाचा वास जवळजवळ गेला. सुरमईचा गोडवा मात्र आला नाही. पुढच्या वेळी कालवणात मूठभर सोडे भिजवून घालणार आहे.