मदत हवी आहे: पत्त्याचा पुरावा नसताना आधार आणि ऑपरेशन, बुधवार पेठ, पुणे

नमस्कार मंडळी,

बुधवार पेठेजवळ आम्ही काही जण संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेतो. तिथल्या एका मुलीची आई अंगावर जाण्याने पार खंगली आहे. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठी निघाल्या, पिशवी काढावी लागेल म्हणतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसवायचं तर रेशनकार्ड आणि ओळखपत्र हवं. ताईंकडे दोन्ही नाही. पोरवयात कर्नाटकातून आणलेली बाई, गावचा कागद कुठून आणणार? घरवाली (कोठ्याची मालकीण) भाड्याचं काही लिहून देत नाही, आणि आधार केंद्रावर पत्त्याच्या पुराव्याशिवाय पुढे सरकत नाहीत.

बुद्धदेव कर्मास्कर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ ला सेक्स वर्कर बायकांसाठी यावर स्पष्ट आदेश दिला आहे. पत्त्याचा पुरावा नसला तरी नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) राजपत्रित अधिकाऱ्याच्या किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकांच्या प्रमाणपत्रावर आधार द्यायचं. केंद्रावरच्या माणसाने हे ऐकलेलंच नव्हतं.

अडचण अशी की ताईंनी धंदा सोडून बरीच वर्षं झाली. आता त्या तिथल्याच खोल्यांवर स्वयंपाक करतात. वस्तीत काम करणाऱ्या संस्थेच्या जुन्या यादीत नाव आहे, पण तेव्हाच्या पीअर बाई (संस्थेसाठी काम करणाऱ्या वस्तीतल्याच बाई) आता तिथे नाहीत. जुन्या नोंदीवर हे प्रमाणपत्र मिळतं का? कुणी प्रत्यक्ष काढून दिलं असेल तर अर्ज वस्तीतल्या संस्थेमार्फत गेला की थेट मुंबईला, राज्य एड्स नियंत्रण संस्थेकडे? सांगलीकडे, वॅम्पच्या (सेक्स वर्कर बायकांची संघटना) बायकांबरोबर काम केलेलं कुणी इथे असेल तर तुमचा अनुभव फार मोलाचा ठरेल.

ताईंना कार्डावर "तसं" काही छापून येईल याची धास्ती आहे. मुलगी यंदा दहावीला आहे. अशी कुठलीही खूण राहता कामा नये हे न्यायालयानेच सांगितलंय, मी त्यांना वाचून दाखवलं. पण एका दवाखान्यात पत्ता ऐकल्यावर रांगेसमोर मोठ्याने "एचआयव्ही केलीय का?" विचारलं गेलं, तेव्हापासून त्या पाऊलच उचलत नाहीत. तपासणीला त्यांची ना नाही, ती त्या वेळच्या वेळी करतात. चारचौघांतल्या त्या आवाजाने त्या मोडल्या.

म्हणून पुण्यातली नीट बोलणारी स्त्रीरोगतज्ज्ञ, किंवा कागद येईपर्यंत ऑपरेशन अडू न देणारे सरकारी रुग्णालयातले समाजसेवा अधीक्षक माहीत असतील तर कृपया व्यनि करा. हिमोग्लोबिन फार उतरलंय, कागदांसाठी महिनोन्‌महिने थांबता येणार नाही.