व्हाइट्स ट्री फ्रॉग घरी पाळायचाय, बेळगावच्या हवेत जमेल का?

शहापूरकर
नमस्कार मंडळी. मी बेळगावात शहापूरला राहतो, माशांचे टँक पहिल्यापासून आहेत घरात, आता झाडबेडूक पाळायचं मनात घेतलंय. व्हाइट्स ट्री फ्रॉग म्हणतात तो, जाडजूड हिरवा, हाताएवढा होतो. बेंगळूरचा एकजण देतो म्हणालाय, लाल डोळ्याचा पण हाय म्हणे त्याच्याकडं. आमची ताई म्हणते एवढे पैसे कशाला घालतोस, जांबोटीकडं पावसात झाडावर हिरवे बेडूक बसलेले असतात, त्यातलाच एक उचलून आण की. तर विचारायचं होतं, आपल्याकडं पावसाळाभर ऊन दिसत नाही, डिसेंबरात रात्री गार पडतंय, त्यात हे टिकतील का? खायला काय घालायचं, नळाचं पाणी चालतंय का? आणि घरी आई-बाबा हाईत, त्यांना आवाजाचा त्रास नको.

निपाणीची_माई
व्हाइट्स मी पाळलेत म्हणून सांगते, जमेल, पण आधी हे ऐका, नीट सांभाळला तर हा बेडूक १५ वर्षं सहज जगतो, त्याहून जास्त पण. लग्न, नोकरी, बदली सगळं त्यात येणार, तेव्हा घरच्यांना विचारूनच घ्या.

हवेचं म्हणाल तर लोक गार हवेला घाबरतात, पण आपल्या भागात खरा त्रास पावसाळ्यातल्या कोंदट ओलीचा हो. हा मूळचा ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीचा, तिकडं कोरडा सीझन पण असतो, त्याला ५०-६० टक्के ह्युमिडिटी बास होते. जुलैत आपल्याकडं भिंतीला बुरशी येते तेव्हा टँकवर स्प्रे मारायचाच नाही, उलट वरचं झाकण जाळीचं पाहिजे आणि हवा खेळली पाहिजे, नाहीतर कातडीचं इन्फेक्शन झालंच म्हणून समजा. स्प्रे लागतो तो मार्च-एप्रिलला. टँक उंच घ्या, दीड फूट बाय दीड फूट आणि दोन फूट उंच, त्यात दोन आरामात राहतात, जाड फांद्या आणि मनी प्लांट घाला. दिवसा २४ ते २८ डिग्री, रात्री २० च्या आसपास. थंडीत हीट मॅट लावायची ती तळाला नव्हे, बाजूच्या काचेला बाहेरून, आणि थर्मोस्टॅट लावूनच, नाहीतर भाजतात.

पाणी: बेडूक तोंडानं पीत नाही, पोटाच्या कातडीनं ओढून घेतो, म्हणजे पाण्यात जे असेल ते सगळं आत. त्यामुळं नळाचं क्लोरीनचं पाणी डायरेक्ट नको, तुम्ही मासे पाळता म्हणजे अँटिक्लोरीन घरात असणारच, तेच वापरा. हाताला साबण, सॅनिटायझर, डासांचं क्रीम काही असेल तर हात पण लावू नका. तसंही हे बघायचे प्राणी, खेळवायचे नव्हेत.

खाणं जिवंत किडेच, मेलेलं सहसा बघत पण नाही. क्रिकेट म्हणजे रातकिडे, ते घरी डब्यात वाढवा, त्यांना गाजर, कोंडा घाला आणि बेडकाला द्यायच्या आधी कॅल्शियम-डी३ पावडर लावा, ती नसेल तर हाडं वाकतात. मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदाच, भूक लागल्यागत बघतो म्हणून रोज घातलं तर डोळ्यावर चरबीच्या घड्या येतात. घरातली झुरळं मात्र कधीच नको, कुणी कुठं औषध मारलंय सांगता येत नाही. आवाज नर करतो, रात्री, आणि पाऊस आला की जास्तच, तेव्हा आई-बाबांच्या खोलीजवळ टँक नको.

खानापूर_रानवाट
जांबोटीचं वाचून राहवलं नाही. ताईंना सांगा, तो हिरवा, बोटांच्या मधला पडदा लालसर नारिंगी असलेला, मलबार ग्लायडिंग फ्रॉग हो, फक्त आपल्या पश्चिम घाटातच असतो. पावसात पाण्यावर वाकलेल्या फांदीला फेसाचं घरटं करतो, पिल्लं तयार झाली की खाली पाण्यात पडतात. एक उचलला तर ह्या सगळ्यातून एक कमी झाला, आणि टँकमध्ये तो खात पण नाही नीट, काचेवर उड्या मारून नाक सोलून घेतो. शिवाय भीमगड अभयारण्य आपल्याच तालुक्यात, २०११ पासून, तिथनं प्राणी उचलणं सरळ गुन्हा हाय.

आणि दुसरं, माझ्यासाठी हेच मोठं. बाहेरच्या बेडकाबरोबर कायट्रिड नावाची बुरशी येऊ शकते, तिनं ऑस्ट्रेलियात आणि मध्य अमेरिकेत बेडकांच्या जातीच्या जाती संपवल्यात. आंबोलीचा भेक नावाचा बेडूक तर आंबोलीच्या आसपासच्या थोड्याशा पट्ट्यातच सापडतो, २००९ साली त्याची शास्त्रीय नोंद झाली, तिथं असलं काही शिरलं तर दुसरीकडनं आणायचा कुठून? म्हणून कंटाळा आला तरी बेडूक नाल्यात, मळ्यात सोडायचा नाही, टँकचं पाणी पण गटारात ओतू नका, ब्लीच घालून मग संडासात. आपला पाऊस त्याला मानवणारा हाय, सुटला तर जगेल, म्हणूनच जास्त भ्या वाटतंय.

हिंडलगा_लॉ
कागदाचं थोडक्यात. लाल डोळ्याचा रेड-आय साइटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या यादीत हाय, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्यात असल्या जिवंत प्राण्यांची नोंद करावी लागते, सरकारच्या परिवेश नावाच्या वेबसाइटवर होते. व्हाइट्स त्या यादीत नाही, पण परदेशातनं आणायला लायसन्स लागतंच, म्हणून विकणाऱ्याला लेखी विचारा, कुठं पैदास झाली, बिल देणार का. टाळाटाळ करालाय असं वाटलं तर घेऊ नका, पुढं भानगड तुमच्या गळ्यात.

शहापूरकर
माई, काका, वकीलसाहेब, लई आभार. रेड-आय कॅन्सल. बेंगळूरवाल्याला बिल विचारलं तर कुरिअरनं पाठवतो, बिल कशाला म्हणालाय, त्यामुळं तो पण कॅन्सल. आता आधी क्रिकेट वाढवून बघतो. एक सांगा, आमच्या बाथरूममध्ये पावसात तपकिरी बेडूक येतात, भिंतीला चिकटून बसतात, बोटांना गोल चकत्या, आई झाडूनं हाकलते. ते पण झाडबेडूकच का?

खानापूर_रानवाट
होय की, आपला साधा झाडबेडूक, अजिबात विषारी नव्हे, चावत पण नाही. झाडू नको, ओल्या हातानं उचलून परसात सोडा. परस असेल तर कर्दळी-अळवाखाली सिमेंटचं टब भरून ठेवा, जूनमध्ये आपसूक येतात, फेस पण घालतात काठाला. गप्पी मासे मात्र टाकू नका त्यात, पिल्लं खाऊन टाकतात. पिल्लं दिसली नाहीत तर दर आठवड्याला पाणी ओतून टाकायचं, डेंग्यूचे डास होतात.

निपाणीची_माई
आणि क्रिकेटच्या डब्यात पाण्याची वाटी ठेवू नका, बुडून मरतात, ओला स्पंज ठेवा. वास येतो तो बेडकाचा कमी, ह्यांचाच जास्त, दर दोन दिवसांनी मेलेले काढा. ते दोन-तीन महिने नीट चाललं की मग कळवा, पैदास करणारं कोण भेटतंय ते बघू.