एडिट केलेलं प्रदूषण : चित्र की लबाडी?

लेयरवाला : दोन महिने रोज जेवण झाल्यावर गिंप (फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर) घेऊन बसतोय. लेयर, मास्क, क्लोन एवढं जमतं. पहिलं चित्र केलं : सोसायटीतली ४० घरं, घरटी रोज दोन दुधाच्या पिशव्या, वर्षाच्या २९,२००. पंचवीसेक पिशव्यांचे फोटो काढले, फिरवून-उलटवून जोडले आणि पुण्यातल्या भिडे पुलाखाली मुठेच्या पात्रात अंथरले. मामा म्हणाला, ही चक्क लबाडी. तुम्हाला काय वाटतं?

रानवाटा : मामांशी सहमत. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्यात कारखान्याच्या रंगाने कुत्री निळी झाली, तेव्हा आमच्या ग्रुपवर पहिलं उत्तर आलं, "फोटोशॉप आहे रे." २०२० मध्ये डोंबिवलीत रस्ता गुलाबी झाला, तेव्हाही तेच. खऱ्यावरच कोणी विश्वास ठेवत नाही, त्यात तुमची भर कशाला? ख्रिस जॉर्डन या अमेरिकन फोटोग्राफरने पॅसिफिकमधल्या मिडवे बेटावर मेलेल्या अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याच्या पिलांचे फोटो काढले. पोटातला प्लास्टिकचा एक तुकडाही जागचा हलवला नाही, असं त्याने मुद्दाम सांगितलंय. म्हणून ते फोटो अंगावर येतात.

करडा_रंग : अहो, त्याच जॉर्डनचं २००७ चं काम बघा की! अमेरिकेत दर पाच मिनिटांना लागणाऱ्या २० लाख प्लास्टिक बाटल्या, एका चित्रात. कॉम्प्युटरवरच जोडलेल्या. लांबून नुसता रंगांचा चिखल दिसतो, जवळ गेलं की एकेक बाटली. पोट एका फोटोत मावतं, २० लाख बाटल्या कशा मावणार? आपल्या पिशव्या तर रोज दोन-दोन करत जातात, त्यांचा ढीग कॅमेऱ्याला कधी दिसतच नाही.

रानवाटा : त्याच्या चित्राखाली आकडा लिहिलेला असतो. हे पिशव्यांचं चित्र मला परवाच व्हॉट्सॲपवर आलं. खाली ओळ होती, "भिडे पुलाची आजची अवस्था."

लेयरवाला : ती ओळ माझी नाही! मी फक्त घरच्या ग्रुपवर टाकलं होतं.

रानवाटा : तुमची नसेलच. पण फिरलं ना?

करडा_रंग : हे मात्र खरं. कोपऱ्यात लिहिलंत तर लोक कापून पुढे पाठवतील. आकडा पिशव्यांवरच छापा, दुधाच्या नावाच्या जागी.

रानवाटा : मी अजूनही म्हणेन, कॅमेरा घ्या आणि पुलावर जा. पावसाचं पाणी ओसरलं की झाडांना काय काय लटकतं ते बघा. त्याला एडिटिंग लागत नाही.

लेयरवाला : रविवारी जातो. पण चुरगळलेल्या पिशवीवर अक्षरं वळवून कशी बसवायची, हे कोणी सांगेल का? माझी सरळच राहतात, स्टिकर चिकटवल्यासारखी.